शिक्षक रजेवर, तास चालू

(तळकोकणातल्या एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतील भाषण, किंचित संपादित)

अध्यक्ष महाराज, कार्यवाह आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय ‘प्राध्यापक गैरहजर असताना विद्यार्थ्यांनी काय करावे’ असा छापलाय. त्याचं उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. त्याला व्याख्यान लागत नाही, कॅन्टीन लागतं. मला बोलायचंय ते त्या रिकाम्या तासाला हल्ली कॉलेजं ज्या ‘यशस्वी विद्यार्थी कार्यशाळा’ भरवतात त्यांच्याबद्दल. मी नोकरीभर कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो. तास ऑफ झाला की मुलं पहिली माझ्याकडे येत. वाचायला नव्हे, पंख्याखाली बसायला. तेव्हा या विषयातला अधिकार माझ्याकडे आपोआप आलाय.

प्राध्यापक मजेखातर दांडी मारतात असं कोणी समजू नये. आपलं विद्यापीठ मुंबईला. कलिन्यात तासाभराची बैठक असली तरी सावंतवाडीच्या माणसानं रात्री कोकणकन्येनं जायचं, दिवस तिथे काढायचा, रात्री परत कोकणकन्येनंच यायचं आणि बर्थवरून उतरून वर्गात उभं राहायचं. शिवाय निवडणुकीचं काम, पेपर तपासणी, आजारपण. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची नियमावली सांगते की वर्षाला किमान १८० दिवस शिकवणं झालं पाहिजे. ती लिहिणाऱ्यांना एकदा चतुर्थीला इकडे आणायला हवं. कागदावर सुट्टी संपते, पण भजनं संपत नाहीत आणि निम्मा वर्ग मृदंगावर असतो. असो, भजनावर बोललो तर अध्यक्ष पेटी मागवतील.

आता तो किस्सा. काहींनी माझ्याकडून ऐकलाय, त्यांनी हसायची घाई करू नये.

एका कॉलेजात, नाव घेत नाही, अकाउंटन्सीची जागा रिकामी होती. भरती नाही, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर, कोणी टिकेना. मग त्या तासाला बाहेरून एक यशमार्गदर्शक बोलावले. कोट, कॉलरला माईक, मागे फ्लेक्स. विषय वेळेचं नियोजन. सुरुवातीलाच त्यांनी मुलांना उभं केलं, तीनदा टाळ्या वाजवायला लावल्या आणि गर्जना केली, “तुमच्या आत एक वाघ झोपलाय!” शेवटच्या बाकावरून आवाज आला, “आत नाय सर, आमच्या गोठ्यापाठी असा. परवा आमचो कुत्रो नेल्यान.”

सभागृह कोसळलं. साहेबही हसले, मनानं चांगले होते ते. पण थांबले नाहीत. फळ्यावर चोवीस तासांचा गोल काढला आणि म्हणाले, यशस्वी माणूस पहाटे पाचला उठून एक तास स्वतःला देतो. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. ती वस्तीच्या गाडीनं, म्हणजे रात्री गावात मुक्काम करणाऱ्या एसटीनं, येणारी. गाडी गावातून पहाटेच सुटते आणि संध्याकाळची चुकली तर मुलगी स्टँडवरच राहते. ती म्हणाली, “सर, माझं टाइमटेबल डेपोत ठरतं. त्यात तास कुठून काढू?” साहेबांनी सांगितलं, सकारात्मक राहा. तिनं तेही वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि मग विचारलं, “आणि फायनल अकाउंट्स कोण शिकवणार?”

त्याचं उत्तर फ्लेक्सवर नव्हतं. मग शाल झाली, श्रीफळ झालं, मानधनाचं पाकीट झालं. फ्लेक्स दिसेल असा जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, निघाला, कारण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला तो लागतो. माझा राग त्या पाहुण्यांवर नाही, त्या फाइलवर आहे. फाइलीत तो तास भरलेला आहे. पुढच्या आठवड्यात ताणतणाव व्यवस्थापन झालं, मग व्यक्तिमत्त्व विकास. मुलांचं व्यक्तिमत्त्व इतकं विकसित झालं की परीक्षेत ताळेबंद जुळेना, तरी चेहऱ्यावर ताण नव्हता.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. तासिकेवरचा माणूस तापानं पडला तर त्या तासाचे पैसे त्याला मिळत नाहीत. त्याच तासाला पाहुणा आणला की पाकीट मात्र निघतं. हिशेब कॉमर्सवाल्यांनीच करावा.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवलीय. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी मला बोलावलं ते आता पळत सांगतो.

कल्पना मुळात वाईट नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत ‘डोन्ट कॅन्सल क्लास’ नावाची सोय असते. प्राध्यापकाला बाहेर जायचं असेल तर तो आधी, बहुधा आठवडा-दोन आठवडे आधी, अर्ज भरतो आणि विषय निवडतो. मग करिअर केंद्राचा, ग्रंथालयाचा किंवा समुपदेशन केंद्राचा माणूस त्याच्या वर्गावर येतो. मागणी प्राध्यापकाची, रजा ठरलेली, आणि पुढच्या तासाला तो परत येणार. आपण फक्त फ्लेक्स उचलला.

त्या तासाला काय करायचं? मी करायचो ते सांगतो. रजेवर जाणाऱ्या सरांकडून चिठ्ठी घ्यायची, मुलं कुठे अडतात याची. एकदा आलं, ‘घसारा, दुसरं वर्ष.’ घसारा म्हणजे वापरानं वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत. मला अकाउंट्स येत नाही. मुलांना म्हटलं, वह्या मिटा, कालचं आठवेल तेवढं कागदावर लिहा. एक लाखाचं यंत्र, दहा टक्के, ऱ्हासमान शेष पद्धत. पहिल्या वर्षी दहा हजार सगळ्यांचे आले. दुसऱ्या वर्षीही बऱ्याच जणांनी दहाच लिहिले. मग वह्या उघडल्या. उरलेल्या नव्वद हजारांवर टक्के काढायचे, म्हणून नऊ हजार, हे त्यांचं त्यांनाच सापडलं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवणं आठवड्यानंतर जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोगानं दाखवलंय. उरलेल्या वेळात ग्रंथालयातल्या जुन्या प्रश्नपत्रिकांची बांधीव फाइल उघडायची. ते कागद सरांच्या टेबलावर ठेवले की आल्यावर सर तिथून पुढे सुरू करतात. खर्च शून्य. शाल नको, नारळ नको. नारळ आपल्याकडे घरचेच पडलेत.

मात्र जिथे रजा नाही, जागाच रिकामी आहे, तिथे ग्रंथपालानं सरळ नाही म्हणावं. तिथे कार्यशाळा घेतली की जागा भरायची घाईच कोणाला उरत नाही. वेळापत्रकात त्या तासापुढे ‘शिक्षक नाही’ असंच लिहावं आणि तो कागद पालकसभेत वाचून दाखवावा. यावर प्राचार्यांशी वाद घालायला मला आवडेल. तिघे पुढच्याच रांगेत बसलेत आणि चहा अजून यायचाय. कार्यवाह उठले, मी बसतो.