तांबं एक, कथील एक

(कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'ऑनलाइन जगात परत येणाऱ्या खेळाडूचं काय करायचं'. अध्यक्षांनी आत्ता ओळख करून देताना 'संगणकीय क्रीडा' असं म्हटलं, त्यांचे आभार. माझ्या वडिलांनी या प्रकाराला इतक्या मानानं कधी हाक मारलेली नाही.

समोर निम्मी मंडळी उद्यमनगरातली, कारखानेवाली दिसतायत आणि मागं भिंतीला टेकून पोरं उभी आहेत. पोरांना रूनस्केप हा ऑनलाइन गेम सांगायला नको, उद्यमनगरला भट्टी सांगायला नको. मी दोन्हीकडचा. दिवसा शिरोलीत कास्टिंग ओततो आणि रात्री फोनवर पुन्हा तेच करतो. माझं म्हणणं एका वाक्यात आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरत नाही हा अनुभव आहे: जुन्या गेममध्ये जो माणूस परत येतो त्याला बक्षीस नको असतं, काम हवं असतं. हे गेम चालवणाऱ्यांना फार उशिरा कळलं. काहींना अजून कळायचंय.

तर रूनस्केप. जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. इंग्लंडात अँड्र्यू गॉवर नावाच्या पोरानं भाऊ पॉलला हाताशी धरून उभा केलेला. तलवारी, चेटकिणी, ड्रॅगन, राजे, सगळा मालमसाला. त्याची खरी करामत म्हणजे तो ब्राउझरमध्ये चालायचा, जावा या संगणकीय भाषेवर. सीडी नको, ग्राफिक्स कार्ड नको. त्यामुळेच तो आमच्यासारख्यांच्या हाती लागला, कारण आमच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, सायबर कॅफे होता.

त्या कॅफेबद्दल बोललं पाहिजे. गल्लीचा नंबर सांगत नाही, मालक हयात आहेत आणि कदाचित याच सभागृहात आहेत. प्लायवूडचे खोपटे, प्रत्येकात एक मॉनिटर, कीबोर्डवर बोट फिरवलं की चिवड्याचा मसाला बोटाला लागायचा. ते भारनियमनाचे दिवस. तुम्हाला आठवत असेल, दिवसातून दोनदा लाइट जायची आणि पेपरात वेळापत्रक छापून यायचं. ते वेळापत्रक पाळायचं बंधन फक्त आपल्यावर. कॅफेत इन्व्हर्टर होता. त्यावर मालकांची ट्यूब, मालकांचा पंखा आणि मालकांचा रेडिओ. आमच्या मशीन नाहीत.

आता रूनस्केपचा कायदा ऐका. मेलात, तर अंगावरच्या सगळ्यात किमती तीन वस्तू तुमच्याकडं राहणार, बाकी सगळं जिथं पडलात तिथंच. आणि भांडणाच्या मध्यावर लाइन तुटली तर तुमचा माणूस लगेच गायब होत नाही, थोडा वेळ तिथंच उभा राहतो आणि समोरचा त्याला निवांत हाणत राहतो. माझा एक मित्र, आज हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणून नाव घेत नाही, आठवडे घालून पोशाख जमवला, आणि एका राक्षसापुढं उभा असताना फ्यूज काढल्यासारखं सगळं काळं झालं. अंधारात त्याचा आवाज आला, "मेलो लका!" पलीकडच्या खोपट्यातल्या काकांना वाटलं शॉक बसला. ते धावत आले, पाण्याचा तांब्या घेऊन.

लाइट आल्यावर बघितलं तर पोशाख गेलेला. हा गेला मालकांकडं. मालक म्हणाले, "तास झालाय तुझा." "अहो, वीस मिनिटं तर अंधारात बसलोय." "बसलायस न्हवं? खुर्ची वापरलीस." पैसे पूर्ण घेतले. वर हा गेममधल्या नुकसानीचं बोलायला लागला तेव्हा मालकांनी जे उत्तर दिलं ते या व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पोशाख त्याचा होता, पण तासाच्या पैशात निम्मे माझे होते!

असो. मुद्दा भट्टीचा आहे. या गेममध्ये मारामारी हवीच असं नाही. माणसं वर्षानुवर्षं मासे धरतात, लाकडं तोडतात, खाणीत कुदळ मारतात. खनिज काढायचं, भट्टीत घालायचं, धातूची चीप काढायची, ऐरणीवर तलवार ठोकायची. तांब्याचं एक आणि कथिलाचं एक, दोन्ही मिळून ब्राँझची एक चीप. लोखंड घातलं तर निम्म्या वेळा वाया. हसू नका, उद्यमनगरकर! पन्नास टक्के रिजेक्शन. आपल्यात अशी शॉप चालवली तर बँकेचा माणूस दारात तंबू ठोकेल. पोलादाला एक लोखंड आणि दोन कोळसे. मिथ्रिलला चार कोळसे, ॲडमंटाइटला सहा, रुनाइटला आठ. शेवटची तिन्ही काल्पनिक, पण कोळशाचा हिशेब मात्र एकदम खरा वाटतो, किंमत वाढली की कोळसा आधी वाढतो.

आणि ती भट्टी कुठं, तर अल खरीद नावाच्या वाळवंटी शहरात, कारण तिथं बँक जवळ. त्या शहराच्या वेशीवर दहा नाणी टोल. कोल्हापूरकराला टोल सांगू नये माणसानं. आपण रस्त्यावर उतरून शहरातला टोल घालवला, पण त्याच्या कितीतरी आधी मी त्या वेशीवर दहा नाणी मोजत होतो, रोज, तक्रार न करता. तिथल्या राजपुत्राची सुटका केली की टोल माफ व्हायचा, म्हणजे तिथंही आंदोलन केल्याशिवाय सुटका नव्हतीच.

मग दहावी, बारावी, डिप्लोमा. आम्ही सुटलो. मधल्या काळात गेमचं काय झालं ते भरभर सांगतो. २००७ च्या डिसेंबरात आणि २००८ च्या जानेवारीत कंपनीनं दोन गोष्टी काढल्या: रानात खेळाडूंनी एकमेकांना मारणं, आणि मोकळेपणानं देवाणघेवाण करणं. कारण गेममधलं सोनं खऱ्या पैशाला विकणाऱ्या टोळ्या. रोगावर औषध म्हणून हात तोडल्यासारखं झालं, मित्राला मित्र काही देऊ शकेना. २०११ च्या फेब्रुवारीत मतदान घेऊन दोन्ही परत आणलं. २०१२ च्या नोव्हेंबरात लढाईची पद्धतच बदलली, आणि जुनी माणसं घाऊक निघून गेली.

इथं गंमत झाली. कंपनीकडं ऑगस्ट २००७ ची एक प्रत सापडली, आख्ख्या गेमचा बॅकअप. लोकांना विचारलं, चालू करू का? साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली. २२ फेब्रुवारी २०१३ ला 'ओल्ड स्कूल रूनस्केप' सुरू. आता पोरांनो, लक्ष इकडं. जुनी माणसं परत आली, पण त्यांची जुनी संपत्ती आली नाही. ज्यानं दहा वर्षं घालवून राजवाडा भरला होता तो आणि काल आलेला पोरगा, दोघंही शिकाऊ बेटावर, अंगावर काही नाही, लढाईची पातळी तीन. आणि लोक खूश! हे कसं काय? हाच माझा विषय आहे, आणि त्यावर मी येतोच आहे.

मी परतलो तो लॉकडाउनमध्ये. भट्टी बंद. माझ्या जन्मापासून आमची भट्टी सलग इतके दिवस थंड पडल्याचं मी बघितलं नव्हतं. आबा सकाळी उठून कपडे घालून तयार व्हायचे आणि मग गॅलरीत बसायचे. गेम २०१८ पासून फोनवर आलेला होता. मी तो उतरवून घेतला आणि गेममधल्या लंब्रिज गावाच्या दलदलीतल्या खाणीत जाऊन कथील खणायला लागलो.

आबा मागं कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. "काय करालायस?"

"ब्राँझ ओततोय."

चष्मा वर करून त्यांनी फोन हातात घेतला. "टिन किती घातलंस?"

"एकास एक."

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "ते ब्राँझ न्हवं. दहा-बारा टक्के टिन. घंटा ओतायची तर वीस-बावीस. निम्मं टिन घातलंस तर हातोडा मारल्यावर काचंगत तुकडं होतील." आणि मग तासभर ते मला कुठल्या बुशला कुठलं गनमेटल, कुठल्या वर्षी कुणी भेसळीचं टिन आणून फसवलं, ते सांगत बसले. दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, "लोखंडापर्यंत गेलास का न्हाई?" निम्मं वाया जातं म्हटल्यावर तर त्यांना उमाळाच आला. कोक ओला असेल, म्हणाले.

त्याच आठवड्यात हिंजवडीवाल्याचा फोन. तोही परतलेला. पण तो म्हणाला, "भावा, मला एका पोरानं लाखो नाणी दिली, सगळा पोशाख घेतला, तुलाही देतो, कशाला खणत बसलायस?" मी नको म्हटलं. त्यात बाणा वगैरे काही नाही, मला खणायचंच होतं. तो मोठा पोशाख घालून बाजारात उभा राहिला, चार जणांना दाखवला, आणि महिन्याच्या आत गेम सोडला. करायला काही उरलंच नव्हतं त्याच्याकडं. मी अजून आहे.

(इथं आयोजकांनी चिठ्ठी दिली.)

दहा मिनिटं म्हणतायत. म्हणजे पाच. आणि जे सांगायला आलो ते सगळं राहिलंय. बरं, पळतो.

परत येणाऱ्याशी वागायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या ऑनलाइन गेमची. २०१४ मध्ये त्यांनी सोय काढली: नवीन भाग घ्या, एक माणूस थेट नव्वदाव्या पातळीवर बसवून देतो. आणखी हवा तर वेगळे साठ डॉलर. हेतू चांगला, मागं पडलेल्याला मित्रांबरोबर खेळता यावं. पण तीस-चाळीस बटणं समोर, एकाचंही काम माहीत नाही, आणि वाट अशी की खालचं आख्खं जग ओस. तालमीत याच्या उलट असतं. वीस वर्षांनी परत आलेल्या पैलवानाला वस्ताद पहिल्या दिवशी गदा देत नाही, माती उकरायला सांगतो. त्यातच त्याला कळतं की आपल्याला ओळखलंय.

वॉरक्राफ्टच्याच कंपनीचे, ब्लिझार्डचे, जे. ॲलन ब्रॅक. २०१३ च्या मेळाव्यात कुणीतरी जुना वॉरक्राफ्ट मागितला तर ते साधारण असं म्हणाले, की तुम्हाला हवं असं वाटतंय, पण नकोय. २७ ऑगस्ट २०१९ ला त्याच कंपनीनं जुना वॉरक्राफ्ट काढला आणि आत शिरायला रांगा लागल्या. ब्रॅक तेव्हा कंपनीचे प्रमुख होते.

दुसरी तऱ्हा, कुलूप. सिटी ऑफ हीरोज हा आणखी एक ऑनलाइन गेम, कंपनीनं तो ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद केला. परतायला जागाच नाही. खेळाडूंनी गुपचूप तो जिवंत ठेवला, २०१९ मध्ये ते उघड झालं, आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीनं त्यांना रीतसर परवाना दिला. ज्या गोष्टीला कंपनी भंगार म्हणून सोडते ती कुणीतरी जपून ठेवलेली असते.

तिसरी तऱ्हा ओल्ड स्कूलची. जुनं ठेवलं, पण गोठवलं नाही. मोठा बदल करायचा तर खेळाडूंचं मत. आधी ७५ टक्के होकार लागायचा, नंतर तो ७० वर आणला. आणि खालच्या कामाला किंमत राहिली. नव्यानं काढलेलं खनिज, तोडलेलं लाकूड वरच्या खेळाडूंना लागतंच, ते विकत घेतात. म्हणजे परतलेल्या माणसाच्या पहिल्या दिवसाच्या मजुरीलाही बाजार आहे. कुठल्याही कौशल्याची शेवटची पातळी ९९, तिला १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१ गुण. त्यातला निम्मा रस्ता पातळी ९२ ला होतो. सात पातळ्या म्हणजे उरलेलं निम्मं आयुष्य! कुणी म्हणेल हा छळ आहे. मी म्हणतो काम संपत नाही ही त्या गेमची सोय आहे, परत आलेल्याला कधीच 'उशीर झाला' असं वाटत नाही, कारण पुढं गेलेलाही अजून पोहोचलेला नसतो.

यावर एक आक्षेप आहे, खरा आहे: नोकरी-संसारवाल्याला वेळ कुठून आणायचा? माझं उत्तर अर्धवट आहे. मासे धरणं, लाकडं तोडणं या कामांना नजर लागत नाही फार. बाजूला पंप हाऊसची मीटिंग चालू असते आणि माझा माणूस झाड तोडत असतो. लढाई मात्र अशी होत नाही. म्हणून मी लढतच नाही.

आणखी एक मुद्दा होता, बॅकअप ठेवायची जबाबदारी कुणाची, पण ते अध्यक्ष उठले. पोरांनो, गेमच्या फुकट खेळायच्या जगात कथील आणि तांबं दोन्ही लंब्रिजच्या दक्षिणेला दलदलीत शेजारी शेजारी मिळतं. कुदळ आधी घ्या, खाणीत गेल्यावर आठवते. आणि पोशाख फुकटात चमकवून देतो म्हणणाऱ्याच्या हातात काही देऊ नका.