प्रमाणपत्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

मंडळी, चहाच्या वेळी दोघांनी विचारलं, द्राक्षवाल्यांच्या सभेत कॉफी कशाला? कारण तुमच्याकडे जे आहे, ते कॉफीवाल्याकडे नाही.

२०१० साल निफाड-दिंडोरीत कुणी विसरलेलं नाही. सीसीसी, म्हणजे वेलीची वाढ आवरायला वापरतात त्या रसायनाचे अंश सापडले आणि युरोपात आपली द्राक्षं अडकली. ते वर्ष आठवलं की आजही पोटात गोळा येतो. पण तेव्हाही एक गोष्ट आपल्या हातात होती. २००६ पासून ग्रेपनेटमध्ये, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या संगणकी नोंदवहीत, बागेची नोंद शेतकऱ्याच्या नावावर होते. प्लॉटला नंबर मिळतो, नमुना त्या नंबरावर जातो, अहवाल त्याच नंबरावर येतो. कॉफीत काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहून आलोय.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात कर्नाटकात कोडगूला, म्हणजे कूर्गला, गेलो होतो. सोबत बेळगावचा मित्र, दोन्ही भाषा बोलणारा. भारतातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात होते. बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. असो. आम्ही गेलो त्या अक्कांची पाच एकर रोबस्टा जातीची कॉफी. वर फणस आणि सिल्व्हर ओकची सावली, प्रत्येक खोडावर मिऱ्याचा वेल, खाली पाचोळा इतका की पाय टाकला की दबतो. अंगणात लाल फळं वाळत घातलेली, आणि अक्का मधूनमधून अनवाणी पायानं ती परतत होत्या.

निसर्ग आणि मजूर सांभाळून कॉफी पिकवली, असं सांगणारं प्रमाणपत्र या बागेला होतं. मी म्हटलं, त्याची फाइल बघू. त्यांनी ती कपाटातून काढली, कापडात गुंडाळलेली. मजुरीची वही, फवारणीची वही, पाण्याची वही, अपघाताची वही. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी, तिचं प्लास्टिकही काढलेलं नाही. फवारणीच्या नोंदी उघडल्या. मे, जुलै, सप्टेंबर, सगळ्या एकाच निळ्या पेनानं, एकाच अक्षरात. कोडगूच्या पावसाळ्यात कागद नुसता घरात ठेवला तरी मऊ पडतो, त्याला बुरशीचा वास येतो. ही पानं करकरीत होती. विचारलं, अक्का, हे अक्षर कुणाचं? म्हणाल्या, कंपनीचा मुलगा येतो ऑडिटच्या आठवड्यात, एका बैठकीत भरून जातो.

मला फार वाईट वाटलं, कारण बाग खरी होती. तणनाशक नाही, ओढ्यात सांडपाणी नाही, मजूर बायकांची पोरं शाळेत. ऑडिटरनं बघायला हवं ते सगळं तिथं होतं, आणि वहीत त्यातलं काहीच नव्हतं. अनेक शेतकऱ्यांचा गट करून एकच प्रमाणपत्र घेतात, त्यात सगळ्यांच्या बागा बघत नाहीत, नमुन्यादाखल काही बघतात. बाकीच्यांची वहीच बोलते.

मग विचारलं, प्रमाणपत्र कुठाय? अक्कांनी ते पाहिलेलंच नव्हतं. गट निर्यातदारानं बांधलेला, प्रमाणपत्र त्याच्या नावावर. उद्या अक्कांनी माल दुसऱ्या व्यापाऱ्याला घातला, तर त्याच झाडांची तीच कॉफी बिनप्रमाणपत्राची होते. प्रमाणपत्राचे वरचे पैसे किती मिळाले? पोत्यामागं थोडे जास्त आले, म्हणाल्या. किती, ते पावतीवर वेगळं लिहिलेलं नव्हतं. जमीन अक्कांची, राबणं अक्कांचं, आणि सातबारा दुसऱ्याचा!

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिली. मुद्दा सांगायचा राहूनच गेला, तो भरभर सांगतो.

हे पहिल्यापासून असंच होतं असं नाही. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी करारानं देशादेशांचे कोटे ठरवून कॉफीचा भाव धरून ठेवला होता. १९८९ मध्ये ते कोटे कोलमडले आणि भाव गडगडला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, नेदरलँड्समध्ये मॅक्स हॅवेलार हा शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या कॉफीचा शिक्का सुरू झाला, आजच्या फेअरट्रेडची ती सुरुवात. मेक्सिकोतल्या ओआहाकामध्ये डोंगरी शेतकऱ्यांची युसिरी नावाची सहकारी संस्था होती, तिथं काम करणारे फ्रान्स व्हान डेर होफ हे धर्मगुरू त्याच्या मुळाशी होते. तिथं माल विकणारी संस्था शेतकऱ्यांचीच होती. पुढं आलेल्या प्रमाणपत्राच्या काही पद्धतींत निर्यातदारालाही गट बांधता येऊ लागला. आपलं तिथं चुकलं, असं माझं ठाम मत आहे.

भावाचं म्हणाल, तर फेअरट्रेडचा धुतलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीचा किमान भाव ऑगस्ट २०२३ मध्ये एक पौंड वजनाला १.४० वरून १.८० डॉलर झाला. २००१ मध्ये बाजार ५० सेंटच्या खाली गेला, तेव्हा अशा किमान भावानं कित्येक घरं तरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका ४ डॉलरच्या वर गेली, तेव्हा त्या १.८० कडे बघणार कोण? शिवाय जगात प्रमाणित कॉफी जितकी पिकते, तितकी त्या शिक्क्यानं विकली जात नाही. उरलेली साध्या भावात जाते, ऑडिटचा खर्च मात्र झालेला असतो. म्हणजे कागदानं युरोपचं दार उघडतं, हे खरं. भाव वाढेलच असं नाही.

आणि आता युरोपचा २०२३ चा जंगलतोडीचा कायदा. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी तिथं चालणार नाही. प्रत्येक बागेचे अक्षांश-रेखांश द्यायचे. ४ हेक्टरच्या वर पूर्ण सीमा, खाली एक बिंदू पुरतो. कायदा लागू होण्याची मुदत दोनदा पुढं गेलीय, तेवढा वेळ आपल्याला मिळालाय. त्यात दोन गोष्टी व्हायला हव्यात. बागेची नोंद ग्रेपनेटसारखी शेतकऱ्याच्या नावावर, आणि वरचे पैसे पावतीवर वेगळे.

मागच्या महिन्यात अक्कांना फोन केला. बागेचा बिंदू घेऊन गेले होते, आकडा त्यांना कुणी दिला नव्हता. मी त्यांच्या मुलीला म्हटलं, बागेच्या मधोमध उभी राहा आणि मोबाईलवर बघ. संध्याकाळी फोटो आला. फाइलच्या पहिल्या पानावर दोन आकडे, अक्कांच्या अक्षरात, जरा तिरके.