महादेवाला जातो म्हणजे कुठे जातो

नमस्कार मंडळी. आज पचमढीबद्दल बोलू. तसं ते गाव मध्य प्रदेशात, सातपुड्यात, साधारण हजार मीटर उंचीवर, पण आपल्या नागपुरातली जुनी माणसं पचमढीला जातो म्हणतच नाहीत, महादेवाला जातो म्हणतात, बस. कॅप्टन फोर्सिथने 1857 मध्ये ती शोधली असं पुस्तकांत असतं, आणि नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा उन्हाळ्यात सगळं सरकार तिकडे मुक्कामाला जायचं हेही खरं. पण शोधली हा शब्द मला पटत नाही, गोंड आणि कोरकू लोक त्या जंगलात आधीपासून राहत होतेच ना.

भस्मासुराची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. महादेव जिथे जिथे लपले ती ठिकाणं म्हणजे जटाशंकर, बडा महादेव, गुप्त महादेव. बडा महादेवाच्या गुहेत छतातून पाणी ठिबकत असतं आणि गुप्त महादेवाला अंग तिरकं करून सरकत आत जावं लागतं. नागपंचमीची नागद्वारीची यात्रा वेगळी, ती वाट वर्षातून तेवढेच दिवस उघडते कारण ते सगळं व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. आणि शिवरात्रीला चौरागड, डोंगरावरचं महादेवाचं देऊळ, 1,300च्या वर पायऱ्या. परत सांगते, 1,300च्या वर.

तर चौरागडाचीच गोष्ट सांगायची आहे मला. मी नववीत होते. काकांना कावीळ झाली होती, फार वाढली होती, तेव्हा आजीने चौरागडाला त्रिशूळ वाहायचा नवस बोलला होता. काका बरे झाले. मग मोहल्ल्यातल्या लोहाराकडून त्रिशूळ घडवला, बाबांच्या डोक्याच्याही वर जाईल एवढा, दांड्यावर ठिपक्या ठिपक्यांनी काकांचं नाव. आजीचा नियम एकच, पायथ्याशी उचलला की वर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. रात्रीच्या बसने निघालो, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, मग तामियाचा घाट. तेव्हा छिंदवाड्याला छोटी गाडी पण जायची, नॅरोगेजची, ती 2015 मध्ये बंद झाली याचं मला अजून वाईट वाटतं, एखादी तरी ठेवायला हवी होती पोरांसाठी.

असो. आजीच्या जुन्या लुगड्याची चुंबळ करून काकांनी त्रिशूळ खांद्यावर घेतला, नवस माझ्यासाठी आहे तर मीच नेणार म्हणाले. अर्ध्यावर त्यांचा श्वास तुटला. बाबा आजीला धरून बरेच मागे, मी खांदा लावायला गेले तर माझी उंची पुरेना, आणि दांडा हळूहळू घसरायला लागला. खालून आजी ओरडली, "अरे टेकवू नको रे, महादेवाचं हाय ते!" तेवढ्यात वरून दर्शन करून उतरणारा एक माणूस, वीस-बावीसचा असेल, अनवाणी, त्याने काही न बोलता आपला पाय पुढे केला आणि तो लोखंडी दांडा स्वतःच्या पावलावर टेकवून घेतला. बाबा येईपर्यंत तसाच उभा होता, दोन्ही हातांनी त्रिशूळ धरून. पाऊल लाल झालं होतं, बोटांवर गंज लागला होता. बाबांनी त्रिशूळ उचलला तशी आजी खाली बसली आणि त्याच्या पायाला हात लावला, तो मागे सरकत म्हणाला, "मायबाई, असं नको करू." कुठला म्हणून विचारलं तर पांढुर्ण्याकडचा एवढंच बोलला, हर हर महादेव म्हटलं आणि उतरून गेला.

वर हजारो त्रिशूळ, एकावर एक टेकलेले. आमचाही त्यातच ठेवला. पुढे दोनदा गेले, ठिपक्यांचं नाव शोधलं, सापडलं नाही.

तुम्ही जाल तर पाण्याची बाटली घरूनच न्या आणि रिकामी झाली की परत आणा, तिथली माकडं पिशव्या फाडतात, प्लास्टिक पोटात जातं त्यांच्या. रिकामी बाटली परत आणा, विसरू नका.

या शिवरात्रीला मी मुलीला घेऊन जातेय. काका पण येतो म्हणताहेत, गुडघे दुखतात तरी. आजीचं ते लुगडं काकूने अजून पेटीत जपून ठेवलंय, परवा बाहेर काढून उन्हात घातलं होतं.