आत्मा तारण ठेवून

मागं ऐकू येतंय ना? तो पंखा जरा कमी करा, नाहीतर माझी आणि त्याचीच जुंपायची.

तर जॉनी ब्लेझ. बापाबरोबर जत्रेत मोटरसायकल उडवणारा पोरगा. बाप सिगारेटी ओढून ओढून आतून पोखरलेला, कॅन्सर. एका रात्री हातात काठी घेतलेले एक गृहस्थ येतात. म्हणतात, तुझ्या बापाला बरं करतो, या कागदावर सही कर. पोरगा गुंडाळी उलगडतो, बोटाला कापतं, रक्ताचा एक थेंब कागदावर पडतो. गृहस्थ म्हणतात, एवढं पुरे. सकाळी बाप ठणठणीत. आणि त्याच दिवशी खेळ करताना गाडीवरून पडून मरतो. कॅन्सर बरा करतो म्हणालो होतो, जगवतो असं कुठं म्हणालो होतो?

हा ‘घोस्ट रायडर’, २००७ सालचा. सिनेमा म्हणून मी त्याला काठावर पास करीन, तेही ते गृहस्थ पीटर फोंडा झालेत म्हणून. ज्यानं ‘ईझी रायडर’मध्ये मोटरसायकलवर बसून अख्ख्या पिढीला वेड लावलं, तोच म्हातारपणी सैतान होऊन मोटरसायकलवाल्या पोराचा आत्मा लिहून घेतो. हे सुचलं त्याला पूर्ण मार्क. बाकी दोन तास आग.

पण तो रक्ताचा थेंब माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे याला अंगठा घेणं म्हणतात. स्पायडरमॅनला कोळी चावला, तो अपघात. त्याचं बिल कुणी पाठवत नाही. सुपरमॅनचं सगळं वडिलोपार्जित. पण भुताखेतांच्या, सैतानाच्या घरातून आलेले जे कॉमिक्समधले नायक आहेत, त्यांची शक्ती ही उचल असते. मी हे सिनेमे गेली वीसेक वर्षं पाहतोय, बहुतेक रात्री जेवल्यावर लोळत. समीक्षकाची वही घेऊन कधी बसलो नाही. आणि मला त्यांत भुतं कमी, सावकारी जास्त दिसत आलीय.

घोस्ट रायडरचं कामच बघा ना. रात्र झाली की कवटी पेटते, गाडी पेटते, आणि हा सैतानाची वसुली करत हिंडतो. कथेतलं सगळं भांडण एका जुन्या कर्जखतावरून, ज्यात एका गावातले हजार आत्मे लिहून दिलेत. मला राहून राहून सुपे आठवतं, पुणे जिल्ह्यातलं. १८७५ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जखतं मागितली आणि जाळली. तिथून दख्खनचे दंगे पेटले. आणि इथं या पठ्ठ्याचं अख्खं डोकं जळतंय, पण खत जाळावं हे काही त्याला सुचत नाही! जॉनी झालेला निकोलस केज मात्र मनापासून खेळलाय. त्याचं मूळचं आडनाव कोपोला, ‘केज’ हे आडनावच त्यानं ल्यूक केज या कॉमिक्समधल्या नायकावरून घेतलं. दुसरा भागही आला. मी झोपलो.

हे नायक आले कुठून, याची एक गंमत आहे. १९५४ साली अमेरिकेत कॉमिक्समुळे पोरं बिघडतात म्हणून मोठा गहजब झाला. सिनेटच्या समितीपुढं सुनावण्या झाल्या. सरकारनं हात घालण्याआधी प्रकाशकांनीच स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, कॉमिक्स कोड. रक्तपिपासू बंद, चालती प्रेतं बंद, माणसाचा लांडगा होणं बंद. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ हा शब्दसुद्धा चालणार नाही. डीसी या कॉमिक्स कंपनीच्या एका अंकात तर निवेदक म्हणतो की ही गोष्ट मला एका भटक्या वुल्फमॅननं सांगितली. कोडवाल्यांनी लाल रेघ मारली. लांडगामाणूस नको! डीसीनं कळवलं, अहो, ते लेखकाचं आडनाव आहे, मार्व्ह वुल्फमॅन. कोडवाले म्हणाले, मग तसं लेखक म्हणून नाव छापा. तोवर त्या मासिकात लेखकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. एकाचं छापलं म्हटल्यावर बाकीचेही मागायला लागले. लांडग्याच्या कृपेनं लेखकांना नाव मिळालं.

१९७१ साली कोड सैल झाला, पण कसा? ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, एडगर अॅलन पो, म्हणजे शाळेत वाचल्या जाणाऱ्या प्रतिष्ठित साहित्याच्या वळणाची भुतं चालतील. झॉम्बीला, म्हणजे चालत्या प्रेताला, असा कुणी साहित्यिक मामा नव्हता, तो बाहेरच राहिला. मग मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीनं त्याला ‘झुवेंबी’ म्हणून आत घेतलं. भुताला झालं तरी वशिला लागतो!

दार उघडलं तशी रांगच लागली. १९७२ साली घोस्ट रायडर. १९७३ साली ड्रॅक्युलाच्या मासिकातून रक्तपिपासू मारत हिंडणारा ब्लेड, आणि त्याचा लेखक कोण? तेच आपले वुल्फमॅन, चित्रकार जीन कोलन यांच्याबरोबर.

ब्लेडवर सिनेमा आला १९९८ साली. मार्व्हल तेव्हा नुकतीच दिवाळखोरीतून जात होती. एक्स-मेन, स्पायडरमॅन पडद्यावर यायला अजून दोन-चार वर्षं होती. लोकांना आठवतो तो सुरुवातीचा नाच, छतावरच्या फवाऱ्यांतून रक्ताचा पाऊस पडतो तो. मला आठवते ती खुर्ची. ब्लेडची आई गरोदर असताना तिला रक्तपिपासू चावला, म्हणजे बापजाद्यांचं कर्ज पोरानं फेडावं तसली ही तहान त्याच्या रक्तात आली. ती दाबायला तो औषध टोचून घेतो. म्हातारा व्हिसलर त्याला खुर्चीत बसवतो, दातांत काहीतरी चावायला देतो, सुई टोचतो आणि ब्लेड झालेला वेस्ली स्नाइप्ससारखा पहाडी माणूस तडफडतो. वर व्हिसलर सांगतो, अंगाला सवय होत चाललीय, औषध लागू पडेनासं झालंय. हप्ते भरतोय आणि मुद्दल हलत नाही. ज्यांनी भरलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

‘स्पॉन’ १९९७ सालचा. मेलेला नायक बायकोला पुन्हा बघता यावं म्हणून सैतानाशी सौदा करतो, परत येतो तर मधे पाच वर्षं गेलेली आणि बायकोनं याच्याच मित्राशी लग्न केलेलं. कल्पना भारी, सिनेमातली संगणकावरची आग आज बघवत नाही. ‘द क्रो’बद्दल मी बोलणार नाही. त्यात नायक झालेला ब्रँडन ली त्याच्याच चित्रीकरणात गोळी लागून गेला, अठ्ठावीस वर्षांचा होता. मेलेला माणूस परत येतो ही गोष्ट त्यानंतर माझ्याच्यानं गोष्ट म्हणून बघवत नाही.

हेलबॉयवर मात्र मी बोलणार. घड्याळ बघू नका.

माइक मिग्नोलाचं कॉमिक, २००४ साली गिएर्मो देल तोरोनं सिनेमा केला. १९४४, स्कॉटलंडजवळचं बेट. नाझी आणि रशियन मांत्रिक रासपुतिन मिळून नरकाचं दार उघडतात, झटापटीत ते बंद होतं, आणि अलीकडे राहतं एक लाल पोर. शेपूट, शिंगं, उजवा हात दगडाचा. सैनिक बंदुका रोखून उभे. प्राध्यापक ब्रूम खिशातून चॉकलेट काढतो आणि पोराला चुचकारत खाली बोलावतो. आपण मांजरीच्या पिलाला बोलावतो तसं. झालं, दत्तकविधान संपलं.

मोठा झाल्यावर हा शिंगं घासून बुंधे ठेवतो. का? तर चारचौघांत मिसळता यावं म्हणून. अंगानं पिकल्या टोमॅटोसारखा लाल, मागं शेपूट, आणि शिंगं घासली की कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी त्याची समजूत! खोलीभर मांजरं, एकाच वेळी चालू असलेले टीव्ही. भुयारी रेल्वेत राक्षसाशी मारामारी करतो ती एका हातात मांजराच्या पिलांचं खोकं सांभाळत.

आणि ती गच्ची. त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती लिझ एका तरुणाबरोबर कॉफी प्यायला गेलीय. हा सहा-साडेसहा फुटांचा नरकपुत्र शेजारच्या गच्चीवरून लपून बघतो. तिथं एक लहान मुलगा आहे. तो घाबरत नाही. दूध आणि बिस्किटं घेऊन शेजारी बसतो आणि याला प्रेमाबद्दल सल्ला देतो. हा बिस्किट खातो, ऐकतो, आणि त्या तरुणाला वरून खडा मारतो. अख्ख्या सिनेमात जगबुडीचं एवढं दाखवलंय, पण मला विचाराल तर सिनेमा तो गच्चीवरचा.

आमच्या कोकणात देवचार असतो. घोंगडी, काठी, रात्री गावाच्या सीमेवरून फिरणारा राखणदार. त्याला रोट द्यायचा, वाट अडवायची नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत हाच शब्द सैतानाला वापरतात. वाडीतला राखणदार तोच, आणि चर्चमधला सैतान तोच. हेलबॉय पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो अमेरिकन वाटलाच नाही. इंद्रजाल कॉमिक्सनं फँटमला मराठीत ‘वेताळ’ केलं, तो तर साधा हाडामांसाचा माणूस होता. खरा वेताळ हा, लाल.

हेलबॉयनं स्वतः काही कर्ज काढलेलं नाही. त्यालाच जन्माआधी कुणीतरी गहाण टाकलंय. तो दगडी हात म्हणजे प्रलयाची किल्ली. शेवटी शिंगं पुन्हा वाढतात, किल्ली कुलपात जाते, तेव्हा मायर्स, तोच कॉफीवाला तरुण, त्याच्याकडे मेलेल्या बापाची जपमाळ फेकतो. ती झेलताना तिच्यातला क्रूस तळव्याला भाजतो. आणि हा दोन्ही हातांनी शिंगं मोडून टाकतो. २०१९ साली दुसऱ्या नटाला घेऊन पुन्हा केला. रक्त भरपूर, चॉकलेट नाही.

‘डॉक्टर स्ट्रेंज’ २०१६ सालचा. काठमांडूत भूकंपानंतर काही महिन्यांतच चित्रीकरण झालं होतं. त्यातली जादू, दुमडणारी शहरं, छान आहेत, एकदा बघावीत. पण शेवट फर्मास. डोरमामू म्हणून जग गिळायला निघालेली महाशक्ती. तिच्याशी लढणं शक्य नाही. जादूगार स्ट्रेंज तोच क्षण पुन्हा पुन्हा यावा असं काळाचं चक्र लावतो आणि तिच्या दारात जाऊन म्हणतो, सौदा करायला आलोय. ती त्याला मारते. तो परत येतो, सौदा करायला आलोय. पुन्हा मारते. पुन्हा हजर. पेशवाईत देणेकऱ्याच्या दारात धरणं धरून बसत, तोही उपाशी आणि आपणही उपाशी, तसला प्रकार. शेवटी महाशक्ती कंटाळून कबूल होते.

राहता राहिला ‘कॉन्स्टंटाइन’, २००५. मूळ कॉमिक्समधला हा लिव्हरपूलचा, पिवळ्या केसांचा, गायक स्टिंगच्या चेहऱ्यावरून बेतलेला. सिनेमात तो लॉस एंजेलिसचा काळ्या केसांचा किआनू रीव्ह्ज झाला, चाहते भयंकर चिडले. मी कॉमिक नंतर वाचलं, म्हणून वाचलो. या बाबाला नरकात जायचं असलं की पाण्यात पाय सोडून खुर्चीत बसतो, मांजर मांडीवर घेतो, तिच्या डोळ्यांत बघतो. बस्स. आपली आजी गुडघे शेकायला बसायची तसा.

पोरवयात त्यानं आत्महत्या केली, दोन मिनिटं मेला, परत आला. त्या दोन मिनिटांचं खातं नरकात उघडलंय. म्हणून हा आयुष्यभर राक्षसांना हाकलून परत पाठवतो, तेवढीच वजावट. देवदूत गॅब्रिएल, म्हणजे टिल्डा स्विंटन, त्याला सरळ सांगते की असली खरेदी चालत नाही. वर फुप्फुसाचा कॅन्सर.

शेवटी तो मनगटं कापून घेतो, कारण याचा आत्मा न्यायला लुसिफर जातीनं येणार हे त्याला ठाऊक आहे. येतोच. पांढराशुभ्र सूट, अनवाणी पाय, पायांतून डांबर ठिबकतंय. कॉन्स्टंटाइन त्याला सांगतो, तुझा पोरगा तुझ्या पाठीमागं पृथ्वी बळकावतोय. सावकारच आता कुळाचा देणेकरी! काय हवं विचारल्यावर हा स्वतःसाठी काही मागत नाही, आत्महत्या केलेल्या एका मुलीला नरकातून सोडवायला सांगतो. लुसिफर त्याला ओढत न्यायला लागतो, तर हा जागचा हलेना. दुसऱ्यासाठी जीव दिला ना, खातं फिटलं, वर निघाला. तेव्हा लुसिफर चवताळून त्याच्या छातीत दोन्ही हात घालतो आणि काळाकुट्ट कॅन्सर ओंजळीनं उपसून काढतो. जग लेका, पुन्हा चुकशील, पुन्हा माझ्याच दारात येशील.

जॉनीच्या बापाचा कॅन्सर सैतानानं बरा केला तो मारायला. याचा बरा केला तो जगवायला. मला यातला दुसरा सैतान जास्त हुशार वाटतो.

शेवटच्या दृश्यात कॉन्स्टंटाइन गच्चीवर उभा आहे. हात खिशात जातो. आपण सिगारेटची वाट बघत असतो. तो च्युइंगगम काढतो, तोंडात टाकतो आणि चावत राहतो.