वाकळेचं पोट

(दृश्य: फ्लॅटचा दिवाणखाना. दोघंजण सोफा उचलून दाराबाहेर नेतायत.)

हा सोफा घराबाहेर निघायची ही तिसरी वेळ. पहिल्यांदा निघाला तो रंगकामासाठी. दुसऱ्यांदा दोन वर्षांपूर्वी, आईनं वाकळ शिवायला घेतली तेव्हा. आणि आज पुन्हा, कारण ती वाकळ अजून पुरी व्हायची आहे.

वाकळ म्हणजे गोधडीच. आई साताऱ्याकडची, म्हणून वाकळ. समोरच्या काकू नाशिकच्या, त्या गोधडी म्हणतात. तिकडे उत्तर कर्नाटकात गेलात तर कौदी. शब्दावरून दोघींची अधूनमधून जुंपते, पण सुईत दोरा ओवून द्यायला काकूच येतात. आईला आता सुईचं भोक नीट दिसत नाही.

(दृश्य: माळ्यावरून खाली येणारं गाठोडं. गाठ सुटते, वाकळ जमिनीवर पसरली जाते.)

मोठी आहे. साडेसात फूट रुंद, नऊ फूट लांब. हे माप आईनं कुठून ठरवून आणलेलं नाही, ते लुगड्यानंच ठरवलं. नऊवारी लुगडं आठ मीटरच्या थोडं वर भरतं. त्याचे तीन सारखे तुकडे केले की एकेक तुकडा नऊ फुटांचा होतो. असे दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की रुंदी साडेसात फूट. झालं वाकळेचं अंग.

पण लुगडं वाकळेपर्यंत सहजी पोचत नसे. नेसून नेसून ते मधेच विरायचं, बसायच्या जागी. मग तिथलं विरलेलं कापड काढून दोन्हीकडची धड टोकं एकमेकांना जोडायची. याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं आणखी काही वर्षं चालायचं. तेही फाटलं की त्याचं जुनेर व्हायचं, त्यातल्या मऊ भागाची बाळाला दुपटी, आणि उरलेलं वाकळेत. एवढ्या धुण्यांत कापडातली सगळी खळ निघून गेलेली असते. नव्या कापडाची वाकळ शिवून बघा, पहिली दोन वर्षं ती अंगावर पुठ्ठ्यासारखी उभी राहते.

या वाकळेचं अस्तर आजीच्या इरकली लुगड्याचं. मधली भर म्हणजे आजोबांची धोतरं आणि झिजलेल्या चादरी. वरचा थर सगळा तुकड्यांचा. चोळ्यांचे खण, बाबांच्या सदऱ्यांच्या पाठी, खालच्या टेलरकडून पिशवी भरून आणलेल्या ब्लाउजच्या कातरणी. टेरिकॉटला आणि पॉलिस्टरला या घरात मज्जाव आहे. सुई नीट जात नाही, थर एकमेकांवरून निसटतात, आणि रात्री घाम टिपला जात नाही. आजकाल वाकळा सर्रास जुन्या सिंथेटिक साड्यांच्या होतात, दिसतातही झळझळीत. आईचं मत एका शब्दाचं आहे. ‘रबर.’

(दृश्य: कोपऱ्यांवर वजनं. वरवंटा, खलबत्ता, इस्त्री, एक जाडजूड शब्दकोश.)

थर ताणून बसवायला गावाकडं चार दगड लागतात. इथं जे हाताला लागलं ते घेतलं. शब्दकोश बाबांचा, आणि त्यांनी तो नाइलाजानं दिलेला.

आता टाका. टाका साधाच, धावदोऱ्याचा. सुईवर एका दमात तीन-चार टाके भरायचे आणि मग ओढायची. साधा म्हटला तरी वरून दिसतो आणि खालच्या अस्तरापर्यंत पोचतच नाही, अशी फसगत होते. मग पहिल्याच धुण्यात थर सुटतात आणि मधली भर गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसते. म्हणून आई दर वीतभर अंतरावर कोपरा उलटून खाली बघते. दोरा संपला की गाठ मारत नाही. दोन टाके मागं घेऊन टोक थरांच्या मधे लपवते. गाठ झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते.

ओळ घालायची ती काठापासून. चारही कडांना समांतर, फेरीच्या आत फेरी, दोन फेऱ्यांमधे एक बोट अंतर. शिवणारी वाकळेवरच बसते आणि हळूहळू मधे सरकत जाते.

दोन वर्षांपूर्वी अशा एकवीस फेऱ्या झाल्या आणि आभाळ भरून आलं. पावसाळ्यात वाकळ शिवत नाहीत. कापड सर्दावतं, त्याला वास मारतो, सुई अडकते. म्हणून हे काम खेड्यात सुगी उरकल्यावरचं, चैत्र-वैशाखातलं. ‘दिवाळीनंतर घेऊ’ म्हणून गाठोडं माळ्यावर गेलं. मग आईचा गुडघा धरला, आणि ते तिथंच राहिलं.

(दृश्य: वाकळेचा मधला भाग. शिवलेल्या फेऱ्या आणि आतली मोकळी चौकट.)

आईनं यंदा ती खाली काढली, फेऱ्यांकडं बघितलं आणि म्हणाली, ‘अजून छत्तीस राहिल्या. न्हाई व्हायची माझ्यानं.’

मी कागद घेऊन बसलो. बोटभर म्हणजे दोन सेंटीमीटर धरलं तर सगळ्या मिळून ५७ फेऱ्या होतात. सगळी शिलाई एकापुढं एक मांडली तर ३१३ मीटर. सेंटीमीटरला एक टाका धरला तर ३१ हजारांवर टाके. हे आकडे ऐकून आईचा चेहरा आणखी उतरला. पण गंमत पुढं आहे. पहिली फेरी १० मीटरची. त्यानंतरची प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा १६ सेंटीमीटरनं आखूड. म्हणजे अठरावी फेरी संपली तेव्हाच जवळजवळ अर्धी शिलाई झालेली होती, आणि आई एकविसावर थांबली होती. उरल्या होत्या छत्तीस फेऱ्या, पण दोरा मोजला तर फक्त १३७ मीटर. आई तासाला पाचेक मीटर घालते. रोज दुपारी दोन तास, की पंधरा दिवस.

‘आरं, फेऱ्या काय मोजतोस,’ आई म्हणाली. पण सुई हातात घेतलेली होती.

(दृश्य: दुपारचं ऊन जमिनीवरून सरकतंय. आईची पाठ, काकूंचे हात, दोऱ्याचं रीळ.)

(इथे निवेदन नाही. फक्त सुईचा आणि पंख्याचा आवाज. वीस सेकंद.)

तेराव्या दिवशी मधे फुगा आला.

काठाकडून आत शिवत गेलं की कापडातला सैलपणा आत ढकलला जातो. म्हणून आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून थर बांधून ठेवायचे असतात. ते आईनं घातले होतेच, पण दोन वर्षं गाठोड्यात दबून निम्मे तुटले. आता मधे हातभर रुंद जागा उरली होती आणि वरचं कापड त्यात चार बोटं उचललेलं. काकू म्हणाल्या, ‘पोट सुटलंय हिचं.’

वाकळेला पोट असतं हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. जिथं शेवटचा टाका पडतो ते तिचं पोट. काठापासून शिवत मधे येऊन संपायची ही रीत फक्त आपलीच नाही. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडं आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठी मिसळलेली आहे. तिथल्या बायका अशाच तुकड्यांच्या कवंदी शिवतात, कडेकडेनं आत येत. त्यांच्या कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावतात, आणि फुलाविना कवंदी म्हणजे उघडी, असं तिथं मानतात. वाकळेला अंग, पोट, लाज हे सगळं आहे, असं माणसं धरून चालतात. चिंध्यांच्या गोधडीत हिंडणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, चिंधेबुवाही म्हणायचे. नाव पांघरुणावरून पडलं.

असो. फुगा.

आईनं तीन फेऱ्या उसवल्या. जवळजवळ एका दुपारचं काम अर्ध्या तासात सुटलं, त्याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. मला वाटलं. मग तिनं जास्तीच्या कापडाची एक लांब चुण घेतली, हातानं दाबून सपाट केली, आणि तिच्यावर घालायला ठिगळ शोधू लागली. खण उरले नव्हते. स्वयंपाकघरातून तांदळाची सुती पिशवी आणली. तिच्यावरची छपाई धुऊन फिकी झालेली, तरी ‘तांदूळ’ वाचता येत होतं. आईनं अक्षरांची बाजू आत केली आणि कडा दुमडून ठिगळ बसवलं.

एक बाजू तेवढी उघडी ठेवली.

(दृश्य: ताटलीत सकाळच्या भाकरीचा तुकडा.)

आमच्याकडं वाकळ बंद करायच्या आधी तिला घास देतात. नखाएवढा भाकरीचा तुकडा ठिगळाखाली सरकवायचा आणि मग शेवटची बाजू शिवायची. उपाशी वाकळ ऊब देत नाही, एवढंच आजी सांगायची. ऊब खरी येते ती थरांमधे अडकलेल्या हवेनं, ते आईलाही ठाऊक आहे. मी मुंग्यांचं विचारलं.

‘येतील आन् जातील,’ आई म्हणाली. ‘दसऱ्याच्या धुण्यात विरघळंल ती.’

नवरात्राच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा नेम शहरात आम्ही कसाबसा पाळतो. गावी वाकळा नदीवर जायच्या. भिजलेली वाकळ एकट्या बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशांना पीळ घालायचा आणि खडकावर वाळत टाकायची. वॉशिंग मशीनमधे ही वाकळ कोंबली तर मावते, पण फिरत नाही.

(दृश्य: आई वजनकाट्यावर. आधी एकटी, मग वाकळ कवटाळून.)

साडेचार किलो. कोरडी.

शेवटचा टाका विसाव्या दुपारी पडला. माझा हिशोब पाच दिवसांनी चुकला, त्यातले काही फुग्याचे आणि काही काकूंच्या लेकीच्या साखरपुड्याचे. आईनं दात लावून दोरा तोडला, पाय पसरले आणि गुडघा चोळत बसली. कच्चे टाके उसवायचं काम काकूंनी आपण होऊन घेतलं.

मग घडी. दोन टोकं मी धरली, दोन बाबांनी. अर्धी, पाव, पुन्हा अर्धी. उशीएवढी होईल असं वाटलं होतं, झाली पोत्याएवढी. कपाटाचं दार लागेना. दिवाणाच्या पोटात आधीच तीन वाकळा. माळ्यावर ठेवू म्हटल्यावर आई नुसतं बघत राहिली.

(दृश्य: दोघंजण सोफा परत आत आणतायत.)

सोफा जागेवर आला. घडी तात्पुरती त्याच्यावर ठेवली. बाबा शब्दकोश घेऊन आले, इकडंतिकडं बघितलं आणि घडीवरच बसले.