खांबावरचे फूट

(दृश्य: आडवा धरलेला मोबाईल, एक अंगठा)

हा उजव्या हाताचा अंगठा. मोबाईल आडवा धरला की खालच्या कोपऱ्यात तो एका कमानीतच फिरतो. बटण कमानीबाहेर गेलं की पकड सैल करावी लागते, आणि ऐन घाईत तेच जमत नाही. म्हणून सांगलीच्या विश्रामबागेतल्या या खोलीत गेमचा पडदा आधी चौकटीच्या वहीत काढला जातो. पहिल्यांदा कमान, मग बटणं.

गेम सांगलीच्या पुराचा आहे. होडी घेऊन गल्ल्यांत शिरायचं आणि गच्चीवर अडकलेल्यांना बाहेर काढायचं. बनवणारी दोघं: पडद्याची मांडणी तिची, कोड त्याचा.

(दृश्य: वहीची पानं)

वल्हं, दोर, शिट्टी. बटणं एवढीच. मागच्या पानावर किती गर्दी होती, पाहा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार बोटाने दाबायची जागा किमान 48 डीपी (पडद्यावरची मापं मोजायचं एकक) हवी, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर. ती पट्टी लावून तेच मोजते आहे. वल्ह्याचं बटण मात्र त्याहून मोठं, कारण ते सतत आणि न बघता दाबायचं आहे. नकाशा, गुण, विराम वरच्या कडेला गेले.

(दृश्य: आयर्विन पूल, खांबाजवळ कृष्णेचं पाणी)

आयर्विन पूल, 1929 चा. पाऊस लागून राहिला की अख्खी सांगली एकच विचारते, "किती फूट झालं?" पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांना पोचलं की इशारा, 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं.

गेममध्ये ही पातळी आधी कोपऱ्यातल्या निळ्या पट्टीत दिसायची. पट्टी देखणी होती, पण खेळणाऱ्याची नजर होडीवर खिळलेली. मग ती काढून टाकली आणि फुटांचे आकडे थेट पुलाच्या खांबावर रंगवले. 2008 च्या 'डेड स्पेस' या गेममध्ये नायकात किती जीव उरलाय ते त्याच्या पोशाखाच्या पाठीवर, कण्यालगत उजळतं. विचार तोच, पण खांबावरचे फूट वाचायला सांगलीकराला वेगळं शिकवावं लागत नाही.

आता गल्लीत शिरल्यावर पूल दिसणार कसा? तिथे लहानसा आकडा पडद्यावर येतो. 45 ला तो नुसता लाल होऊन भागत नाही, कारण लाल आणि हिरवा वेगळा न दिसणारी माणसंही खेळतात. म्हणून आकड्याभोवती जाड चौकट येते आणि मोबाईल थरथरतो.

(दृश्य: संगणकाचा पडदा, मोडकी अक्षरं)

आणि हे बघा. 'स्थिती'तली पहिली वेलांटी चुकीच्या जागी, 'पुढे'चा उकार कापून 'पढे'. मराठी अक्षरं नुसती एकापुढे एक मांडून चालत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, पण बसते आधी. जोडाक्षरांचं रूप बदलतं. ही जुळणी गेम बनवण्याच्या साधनालाच यावी लागते. 2023 साली आलेल्या गोडो 4 ला ती येते, म्हणून यांनी ते घेतलं. अक्षरांसाठी मुक्त परवान्याचा 'मुक्त' हा फाँट घेतला. बटणांची उंची वाढवली, वर रफार-अनुस्वाराला आणि खाली उकाराला जागा ठेवली. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत मराठी कोंबायची आणि वाचता येत नाही म्हणून ती काढूनच टाकायची, हे इथे कुणालाच मान्य नाही. सगळ्यात जास्त वेळ याच कामाला गेला, आणि तो जायलाच हवा होता.

(दृश्य: हरिपूर, संगमाचा घाट)

कृष्णा आणि वारणेच्या संगमावर मुलांच्या हातात मोबाईल दिला आहे. ही दोघं मागे बसली आहेत. काही सांगायचं नाही, फक्त बोट कुठे जातं ते पाहायचं.

"ताई, दोर कुठंय?"

ती उत्तर देत नाही, वहीत खूण करते. दोराचं चित्र सापासारखं दिसतंय.

शेजारी बसलेल्या काकूंनी चष्मा लावून मोबाईल हातात घेतला आहे.

(निवेदन थांबते. काकूंचा चेहरा, नंतर खांबावरचे आकडे.)

गेम अजून अपुरा आहे. दोराचं चित्र बदललं. अक्षरं मोठी करायची सोय काकूंमुळे आली. आता डावखुऱ्यांसाठी बटणांची बाजू बदलायचं काम चालू आहे.