घरातल्या वायरीतूनच निरोप

नमस्कार श्रोतेहो.

खानापूर, जांबोटीकडच्या जुन्या घरांत जांभ्याच्या जाडजूड भिंती आहेत. सोप्यात लावलेलं वायफाय माजघरापर्यंत कसंबसं पोचतं, परड्यातल्या मोटरीपर्यंत तर नाहीच. बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत घरं अरुंद आणि लांबच लांब, तिथंही तीच गत. अशा घरात दिवे, गीझर, पाण्याची मोटर एका जागेवरून चालू-बंद करायची म्हटलं की गाडी लगेच भिंत फोडण्यावर येते. पण त्या भिंतीतून एक तार आधीच गेलेली असते, लाईटची. विजेबरोबर त्याच तारेतून निरोपही धाडता येतो. तो कसा जातो ते आज थोडक्यात सांगतो आणि तो कुठं अडतो ते सविस्तर. कारण या पद्धतीतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ विकत आणलेल्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे निरोप ऐकून दिवा किंवा मोटर चालू-बंद करणाऱ्या डबीत, नसतं. घरात आधीपासून लावलेल्या दुसऱ्याच वस्तूंत असतं.

कल्पना जुनीच आहे. मोठ्या सबस्टेशनजवळून जाताना हायटेन्शन लाइनच्या टोकाला ढोलासारखं एक गुंडाळं टांगलेलं दिसतं. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. एका सबस्टेशनातून दुसऱ्याशी बोलणं आणि बिघाडाच्या वेळी ब्रेकर पाडण्याचा इशारा, हे त्याच तारांतून उंच फ्रिक्वेन्सीवर जातं, आणि हा सिग्नल सबस्टेशनच्या यंत्रसामग्रीत शिरून वाया जाऊ नये म्हणून ते गुंडाळं असतं. आता बऱ्याच लाइनींवर हे काम ऑप्टिकल फायबर करते.

घरासाठी हीच युक्ती 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनरोथेसच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं वापरली. त्या पद्धतीचं नाव एक्स-टेन. नंतर याहून वेगवान आणि भरवशाच्या पद्धती आल्या, पण तत्त्व समजायला एक्स-टेनसारखी सोपी दुसरी नाही. म्हणून तीच धरून बोलू.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. म्हणजे व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा, दर 10 मिलिसेकंदांनी, शून्यावरून जातं. नेमक्या त्या शून्याच्या क्षणी ट्रान्समीटर, म्हणजे निरोप पाठवणारी डबी, तारेवर 120 किलोहर्ट्झची एक मिलिसेकंदाची कंपनं सोडतो. शून्यच का? एक तर त्या क्षणी तारेवर गोंगाट सर्वांत कमी असतो. आणि दुसरं, पाठवणाऱ्याला नि घेणाऱ्याला वेगळं घड्याळ लागत नाही. विजेचं शून्य हेच दोघांचं घड्याळ. एका शून्यावर कंपनं आहेत आणि पुढच्यावर नाहीत, तर तो 'एक'. आधी नाहीत आणि मग आहेत, तर 'शून्य'. प्रत्येक मॉड्यूलला पत्ता असतो: ए ते पी यांपैकी एक घरअक्षर आणि 1 ते 16 पैकी एक आकडा. मिळून 256 पत्ते होतात, घराला रग्गड. आधी पत्ता जातो, मग हुकूम. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जाते. या सगळ्याला विजेच्या 47 आवर्तनांइतका वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. बटण दाबल्यावर दिवा क्षणभर थांबून लागला तर मॉड्यूल खराब आहे असं समजू नका.

आता मुख्य गोष्ट. ट्रान्समीटरपाशी हा सिग्नल काही व्होल्टचा असतो. मॉड्यूलला तो ओळखायला एक दशांश व्होल्टच्या आसपास पुरतो. एवढी सवड असूनही माडीवरचा दिवा ऐकत नाही, का? कारण मधेच कुणीतरी सिग्नल गिळतं.

गिळणारा कोण ते पाहा. टीव्ही, कॉम्प्युटर, लॅपटॉपचा चार्जर, सेट-टॉप बॉक्स, यांत वीज जिथून आत शिरते तिथं फेज आणि न्यूट्रलच्या मधे एक छोटा कपॅसिटर असतो. त्या वस्तूचा गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून कंपनीनं तो बसवलेला असतो, त्यात चूक काही नाही. समजा तो 0.1 मायक्रोफॅरडचा आहे. 50 हर्ट्झच्या विजेला तो सुमारे 32 हजार ओहमचा अडथळा वाटतो, म्हणजे कपॅसिटर तिथं नसल्यासारखाच. आमच्या 120 किलोहर्ट्झच्या सिग्नलला मात्र तोच कपॅसिटर फक्त 13 ओहमचा. सिग्नल पुढच्या खोलीत जाण्याऐवजी तिथल्या तिथे फेजवरून न्यूट्रलला उतरतो. एकाच बोर्डावर अशा पाच-सहा वस्तू असल्या की सिग्नलचं काम तिथंच आटोपलं. वस्तू सॉकेटाच्या स्विचनं बंद केली की कपॅसिटर सुटतो. पण रिमोटनं बंद केलेला टीव्ही प्लगमध्ये असेपर्यंत गिळतच राहतो. यातला बिलंदर म्हणजे स्पाइक गार्डवाला एक्स्टेंशन बोर्ड. त्याच्या आतही असाच कपॅसिटर असू शकतो. ट्रान्समीटर अशा बोर्डात कधी लावू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटात लावा.

दुसरा प्रकार गोंगाट करणाऱ्यांचा. ते सिग्नल गिळत नाहीत, त्याच्यावर ओरडतात. हलक्या दर्जाचे एलईडी ड्रायव्हर, ट्रायॅकचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, फॅन रेग्युलेटर, ब्रश असलेला मिक्सर. वडगाव-खासबागच्या भागात घराला लागूनच माग चालतात, तिथं दिवसा चालत नाही पण रात्री छान चालतं अशी तक्रार आली तर गोंगाटाचा संशय आधी घ्यावा. आणि सैल जॉइंट विसरू नका. टेप गुंडाळून केलेला जुना जोड आतून ठिणगी पाडत असेल तर तोही गोंगाट करतो, आणि तो तर आगीलाही कारण. तो शोधून कनेक्टरनं पक्का करा, मग ऑटोमेशनचं बोला.

शोधायचं कसं, ते सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. घरातल्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा, नुसतं वस्तूवरचं बटण बंद करून भागणार नाही. ट्रान्समीटर मीटरबोर्डाच्या जवळच्या सॉकेटात लावा, आणि एक मॉड्यूल नि टेबललॅम्प घेऊन घरभर प्रत्येक सॉकेटावर तपासा. सगळीकडे चाललं तर वायरिंग निर्दोष. आता एकेक प्लग परत लावत जा आणि प्रत्येक वेळी सर्वांत लांबच्या सॉकेटावर तपासा. ज्या वस्तूनंतर दिवा ऐकेनासा होतो, ती गुन्हेगार. कधी एकटी वस्तू दोषी नसते, तीन-चार मिळून सिग्नल बुडवतात. म्हणून सापडलेली वस्तू एकटीच लावूनही बघा.

उपाय म्हणजे त्या वस्तूच्या आधी प्लगमध्ये बसणारा फिल्टर. आत मुख्यतः एक गुंडाळी असते. 100 मायक्रोहेन्रीची गुंडाळी घेतली तर 120 किलोहर्ट्झला ती सुमारे 75 ओहम अडवते, आणि 50 हर्ट्झला जवळजवळ काहीच नाही. वस्तूला वीज पुरेपूर मिळते, सिग्नल मात्र तिच्यात शिरत नाही. फिल्टर किती अँपिअरचा आहे ते बघा. 5 अँपिअरचा फिल्टर गीझरला लावाल तर तो तापून जळेल. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर एकाच बोर्डावर असतील तर तिघांना मिळून एकच फिल्टर पुरतो.

माल मागवताना एक खबरदारी. एक्स-टेनची पुष्कळ मॉड्यूलं अमेरिकेच्या 120 व्होल्ट, 60 हर्ट्झसाठी असतात. आपल्या 230 व्होल्टवर ती जळतील. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मधे घालून चालवू म्हणाल, तर सिग्नल ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे नीट जात नाही. युरोपसाठी केलेला 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचाच माल घ्या.

आता थ्री-फेजचं बघू. मोठ्या घरात वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या, मीटरमधून तीन फेज येतात. वायरमन खालचा मजला एका फेजवर, माडी दुसऱ्यावर, मोटर नि गीझर तिसऱ्यावर टाकतो. लोड वाटण्यासाठी हे बरोबरच आहे. पण एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्यावर आपोआप पुरेसा जात नाही. तिन्ही फेजची शून्यं एकमेकांपासून 3.33 मिलिसेकंद सरकलेली असतात, म्हणून ट्रान्समीटर प्रत्येक कंपन तीनदा पाठवतो, तिघांच्या शून्याला गाठायला. ती कंपनं तिन्ही तारांवर पोचवण्याचं काम फेज कपलरचं. दोष इथंच आहे का, हे ओळखायला एक सोपी खूण आहे: थ्री-फेजची मोटर चालू असताना माडीवरचे दिवे ऐकतात आणि मोटर बंद केली की ऐकत नाहीत. मोटरीच्या गुंडाळ्यांतून सिग्नल एका फेजवरून दुसऱ्यावर जात असतो. असं दिसलं की कपलर हवाच.

हौशी मंडळी कपलर घरी बनवतात. मी म्हणेन, विकत घ्या. फेज-न्यूट्रलसाठी सर्रास मिळणारा 275 व्होल्टचा एक्स-टू दर्जाचा कपॅसिटर दोन फेजच्या मधे लावला जातो, आणि तिथं व्होल्टेज 400 च्या आसपास असतं. तो आज ना उद्या फुटणार. तिथं किमान 440 व्होल्ट एसीचा एक्स-वन दर्जाचा लागतो. तयार कपलर असला तरी त्याच्या आधी तीन-पोल, 6 अँपिअरचा एमसीबी द्या आणि बसवायचं काम लायसन असलेल्या वायरमनकडून, मेन बंद करूनच करून घ्या.

न्यूट्रलची गोष्टही वायरमनला आधीच सांगून ठेवा. भिंतीतल्या बोर्डात बसणाऱ्या बहुतेक मॉड्यूलला न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथं तो असतो. नुसते दोन-तीन दिव्यांचे स्विच असलेल्या जुन्या बोर्डात फक्त फेज येतो आणि स्विचची वायर वर दिव्याकडे जाते. मग वायरमन शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल ओढून आणतो, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, पडायला लागतो. कारण एका सर्किटमधून गेलेला करंट दुसऱ्याच न्यूट्रलनं परत येतो. काहीजण त्याहून वाईट करतात, अर्थिंगची हिरवी वायर न्यूट्रल म्हणून वापरतात. हे कुणालाही, कुठल्याही कारणासाठी करू देऊ नका. त्याच सर्किटचा न्यूट्रल आणता येत नसेल तर मॉड्यूल वर छतात, दिव्याच्या जागी बसवा. तिथं न्यूट्रल असतोच.

कुठल्या वस्तूला कुठलं मॉड्यूल, हे थोडक्यात. डिमर मॉड्यूल साध्या बल्बसाठी. चोकची ट्यूब, पंखा, मोटर त्याच्यावर लावायची नाही. एलईडी लावायचा तर तो डिम होणारा आहे असं खोक्यावर लिहिलेलं हवं. दोन हजार वॉटचा गीझर सुमारे 9 अँपिअर घेतो, तीन हजारचा 13. तिथं मॉड्यूलमधला रिले, म्हणजे हुकमावर चालणारा स्विच, 16 अँपिअरचा असेल तरच लावा. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना थोडा करंट घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. मॉड्यूलचा रिले चिकटतो आणि मोटर बंदच होत नाही, टाकी वाहत राहते. म्हणून मॉड्यूलनं फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे जड करंट झेपणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवायची, मोटर कॉन्टॅक्टरनं, सोबत ओव्हरलोड रिले. टाकीत फ्लोट स्विच स्वतंत्र ठेवा, कारण साधं एक-मार्गी मॉड्यूल हुकूम पोचला की नाही ते उलट कळवत नाही. गीझरसाठीही एक गोष्ट ध्यानात ठेवा: लॅचिंग रिलेचं मॉड्यूल लाईट जाऊन आली तरी आधीच्या स्थितीतच राहतं. गीझर चालू असताना लाईट गेली आणि तुम्ही घराबाहेर पडलात, तर लाईट आल्यावर तो पुन्हा तापू लागेल.

शेजाऱ्याचं काय? एकाच ट्रान्सफॉर्मरवर, एकाच फेजवर असाल तर सिग्नल मीटर ओलांडून पलीकडे जाऊ शकतो. एक्स-टेनला पासवर्ड वगैरे काही नाही. मॉड्यूल नवीन येतं ते बहुधा ए-1 या पत्त्यावर. तो बदला, दुसरं घरअक्षर घ्या. जोडून घरं असलेल्या गल्लीत मेननंतर एक फिल्टर टाकला तर दोन्ही बाजूंनी निश्चिंत, शिवाय बाहेरचा गोंगाटही कमी आत येतो.

वायरीतून इंटरनेट नेणारे अॅडॉप्टर हा याच घराण्यातला वेगळा प्रकार. त्यातले 200 मेगाबिटवाले 2 ते 28 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. खोक्यावर 200 मेगाबिट लिहिलेलं असतं, तो तारेवरचा कच्चा वेग. प्रत्यक्षात त्याच्या निम्माही मिळाला तरी चांगलं समजा. हे अॅडॉप्टरही थेट भिंतीतल्या सॉकेटातच लावायचे, आणि जोडी जमवताना पेअर बटण दाबून नवी किल्ली तयार करून घ्यायची, नाहीतर सगळे कारखान्यातल्या एकाच नावावर असतात. घरात कुणी शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकत असेल तर त्याला विचारून लावा, त्याच्या रेडिओत खरखर येऊ शकते.

राहिला इन्व्हर्टर, आणि हा आपल्याकडे घरोघरी आहे. इन्व्हर्टरमधून दिवे-पंख्यांसाठी वेगळी फेज काढलेली असते. लाईट असताना इन्व्हर्टर मेनचीच वीज रिलेतून पुढे सोडतो, तेव्हा सिग्नल बहुतेक पलीकडे जातो. लाईट गेली की रिले तुटतो आणि इन्व्हर्टरची बाजू वेगळी पडते. ट्रान्समीटर मेनच्या सॉकेटात असेल तर तो स्वतःच बंद पडलेला असतो. तो इन्व्हर्टरच्या बाजूच्या सॉकेटात लावा. तरीही स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर हे चालेल असं धरून चालू नका. तिथं व्होल्टेज शून्यावरून सावकाश जात नाही, उडी मारतं किंवा शून्यावर काही वेळ पडून राहतं, मॉड्यूलला शून्य नेमकं कुठं हेच कळत नाही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करून, बॅटरीवर, मघाशी सांगितलेली टेबललॅम्पची चाचणी पुन्हा एकदा करा. आणि ज्या दिव्याशिवाय रात्री अडतं, जिन्यातला, न्हाणीघरातला, त्याचा साधा स्विच भिंतीवर तसाच ठेवा.